विश्लेषण : शिष्यवृत्ती आहे, पण फी आधी भरा! गरीब विद्यार्थ्यांची मदत नेमकी अडते कुठे?

बारावीचा निकाल लागला की मुंबईतल्या पदवी कॉलेजांच्या गुणवत्ता याद्या लागतात. यादीत नाव आलेल्याला फी भरून प्रवेश नक्की करायला जेमतेम दोन-चार दिवस मिळतात. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र प्रवेश झाल्यावरच भरता येतो आणि पैसे खात्यात पडेपर्यंत अनेकदा दुसरे सत्र, कधी पुढचे वर्षही उजाडते. वडील सिक्युरिटी गार्ड आणि आई पोळ्या लाटायला जाणारी, अशा चिंचपोकळीच्या चाळीतल्या मुलीपुढचा प्रश्न शिष्यवृत्ती आहे की नाही हा नसतोच. जूनमध्ये पैसे आणायचे कुठून, हा असतो.

महाराष्ट्रात योजनांची कमतरता नाही. अडचण त्यांच्या क्रमात आहे. आधी पैसे द्या, मग कागद आणा, मग वाट पाहा, हा क्रम ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच परवडतो.

योजना कोणत्या, त्या कोणासाठी?

ही मदत महाराष्ट्रात जुनी आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात, बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी ‘ईबीसी’ सवलत आली. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असले की फी माफ. गिरणगावातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर याच सवलतीवर शिकला.

तीच ईबीसी सवलत आज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने चालते. तिची उत्पन्न मर्यादा बरीच वर्षे एक लाखावर अडकली होती. २०१६ मध्ये ती वाढायला सुरुवात झाली आणि आता आठ लाख आहे. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ, अशी अट आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मर्यादा अडीच लाखांची. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते, निर्वाह भत्ता मिळत नाही. इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्या जमातींच्या योजना वेगळ्या आहेत. हे सगळे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर भरायचे असतात.

अडीच लाख हा आकडा २०१३ पासून तिथेच आहे. महिन्याला हिशेब केला तर २० हजार ८३३ रुपये. मुंबईत आई-वडील दोघेही तुटपुंज्या पगारावर राबत असतील तरी हा आकडा ओलांडला जातो. आणि नाही ओलांडला तर हाती काय येते? बीए-बीकॉमच्या, घरी राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला तीन हजार रुपये निर्वाह भत्ता. म्हणजे महिन्याला अडीचशे. कॉलेजच्या पंचवीस दिवसांवर भागले तर दिवसाला दहा रुपये. याला ‘निर्वाह’ म्हणायला बरीच हिंमत लागते.

‘मुलींना शिक्षण मोफत’ म्हणजे नेमके काय?

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत मिळू लागली. निर्णय चांगला आहे, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेल्या प्रवेशांपुरता आहे. इंजिनीअरिंग, फार्मसीच्या मुलींना त्याचा थेट फायदा. बीकॉमला नाव घालणारी मुलगी मात्र बातमीचा मथळा वाचून खिडकीवर जाते आणि ‘हे तुमच्यासाठी नाही’ ऐकून परत येते.

मधल्या मधे आणखी एक गुंता आहे. बीएमएस, बीबीएसारख्या अभ्यासक्रमांना २०२४ पासून सीईटी आणि कॅप लागू झाली, तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून स्वतःला त्यातून बाहेर ठेवले. वर्ग तोच, शिक्षक तेच, फलक नवा. अशा कॅपबाहेरच्या अभ्यासक्रमाला मुलींची ही सवलत मिळेलच असे धरून चालू नये. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच प्रश्न लेखी विचारावा : हा अभ्यासक्रम महाडीबीटीवर, कोणत्या योजनेखाली आहे? पोर्टलच्या यादीत कॉलेजचे आणि अभ्यासक्रमाचे नाव नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही.

अनुदानित आणि विनाअनुदानित हा फरकही इथेच कळतो. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर अनुदानित बीकॉमची तुकडी असते आणि वरच्या मजल्यावर स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाची, तिची फी कित्येक पटींनी जास्त. अनुदानित तुकडीत शिकवणीची फी वर्षाला हजार रुपयांच्या आसपास असते. पण पावतीवर ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विकास निधी, संगणक असे एकेक करत एकूण आकडा काही हजारांवर जातो. शाहू महाराज योजनेतली सवलत शिकवणी आणि परीक्षा शुल्कापुरती आहे. म्हणजे ‘१०० टक्के माफी’ पावतीतल्या एका छोट्या रकान्याला, बाकीचे पैसे खिशातून. त्यामुळे टक्केवारी ऐकून खूश होण्याआधी ती कशाची टक्केवारी आहे ते पावतीवर बोट ठेवून पाहावे.

दहा बाय बाराच्या खोलीचे काय?

शहरात राहून शिकण्याचा खर्च भागवणाऱ्या मोठ्या योजनांपैकी दोन : डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जाती-नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मुंबईत स्वाधारची रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते. दोन्ही योजना घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला आलेल्यांसाठी आहेत. गावाहून आलेल्या मुलाला त्या मिळायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण चिंचपोकळीत एका खोलीत सहा जण राहतात, अभ्यासाला जागा म्हणून चाळीची गॅलरी किंवा मंडळाची अभ्यासिका शोधावी लागते, तो विद्यार्थी सरकारच्या लेखी ‘घरी राहणारा’ ठरतो. त्याच्या वाट्याला तेच दिवसाचे दहा रुपये.

कागदांचा फेरा

उत्पन्नाचा दाखला हा पहिला अडथळा. गिरण्या चालू होत्या तेव्हा पगाराची पावती होती. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातले काम हळूहळू कंत्राटी झाले. आज गार्ड, डिलिव्हरी करणारा, खानावळीत काम करणारी बाई यांच्यापैकी अनेकांकडे दाखवायला कागदच नसतो. दाखल्यासाठी ‘आपले सरकार’ पोर्टल किंवा सेतू केंद्र गाठावे लागते. काही अडले तर भायखळा, सँडहर्स्ट रोड, मस्जिद ओलांडून सीएसएमटी आणि तिथून फोर्टातल्या जुन्या कस्टम हाऊसमधले जिल्हाधिकारी कार्यालय. रोजंदारीवरच्या माणसाचा त्यात एक खाडा ठरलेला. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

दुसरा अडथळा जात पडताळणीचा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. ज्याचे पणजोबा रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून गिरणीत आले, त्याचा पुरावा बहुधा गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये असतो. गणपतीला गावी गेल्यावर बघू, असे म्हणून पुष्कळ घरे हे काम पुढे ढकलतात. ते अकरावीतच उरकावे. वडील, काका किंवा चुलत भावंडांपैकी कुणाची पडताळणी झाली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत सगळ्यात मोठा आधार ठरते.

एक दिलासा झाला आहे. शैक्षणिक दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टँप पेपर लागणार नाही, साध्या कागदावर स्वसाक्षांकित अर्ज चालेल, असे महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. तरीही बाहेर कुणी स्टँप पेपर आणायला सांगितला तर या निर्णयाचा हवाला द्यावा.

अर्ज मंजूर, पैसे गायब?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो आणि कारण साधे असते. बँकेत आधार ‘लिंक’ असणे आणि ते ‘सीड’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने केवायसीसाठी आधार नोंदवले म्हणजे सरकारी पैसे त्या खात्यात येतीलच असे नाही. थेट लाभाची रक्कम खाते क्रमांक पाहून जात नाही. एनपीसीआयच्या नोंदीत त्या आधारसमोर जी बँक शेवटची जोडली गेली आहे, तिथे जाते. अर्जात एका बँकेचे पासबुक जोडले आणि मधल्या काळात एखाद्या अॅपवर नवीन खाते उघडताना संमतीच्या चौकोनात टिचकी मारली, तर पैसे त्या नव्या खात्यात जाऊ शकतात. ते खाते बंद पडले असेल तर व्यवहारच फसतो. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. ती अर्ज भरण्याआधी पाहावी.

आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बाबांचा जुना, बंद झालेला असेल तर ओटीपीच येणार नाही. तोही आधीच बदलून घ्यावा. आणि अर्ज मंजूर झाला तरी खाते उघडून पाहत राहावे लागते, कारण मंजूर रकमेचे व्हाउचर विद्यार्थ्याने स्वतः ‘रिडीम’ केल्याशिवाय बऱ्याच योजनांत पुढची पायरी सुरू होत नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरायचा असतो, तो आपोआप होत नाही.

माहिती देऊन भागते का?

दरवर्षी कॉलेजे सूचना फलकावर परिपत्रक लावतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ टाकतात आणि काम झाले असे समजतात. हे पुरत नाही, याचा चांगला पुरावा अमेरिकेत मिळाला आहे. तिथल्या सरकारी मदतीचा अर्ज, फाफ्सा, शंभराहून अधिक प्रश्नांचा होता. २००८ मध्ये संशोधकांनी कर भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत प्रयोग केला. काही कुटुंबांना फक्त माहिती दिली, काहींना समोर बसवून अर्ज भरून दिला. अर्ज भरून मिळालेल्या घरांतल्या बारावीच्या मुलांपैकी कॉलेजात किमान दोन वर्षे टिकणाऱ्यांचे प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्यांत फरक पडला नाही. पुढे अमेरिकेने अर्ज लहान केला आणि उत्पन्नाचे आकडे थेट कर विभागाकडून घ्यायला सुरुवात केली. त्या नव्या अर्जाची सुरुवात २०२३ च्या अखेरीस पार फसली होती, हेही खरे. पण दिशा बरोबर होती : जे सरकारला आधीच माहीत आहे ते गरिबाला पुन्हा सिद्ध करायला लावू नये.

आपल्याकडे रेशनकार्ड सरकारचे, आधार सरकारचे, जातीचा दाखला सरकारचा, दहावी-बारावीचे गुण सरकारी मंडळाचे. तरीही विद्यार्थी हे सगळे स्कॅन करून, २५६ केबीत बसवून, त्याच सरकारला पुन्हा पाठवतो. ती फाइल लहान करून देण्याचे पैसे सायबर कॅफेवाला घेतो ते वेगळेच.

कॉलेज फी आधी मागू शकते का?

शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. कॉलेजांचे म्हणणे असे की सरकारकडून पैसे वेळेवर येत नाहीत, मग शिक्षकांचे पगार कुठून करायचे? विनाअनुदानित तुकड्यांपुरते हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण उशीर सरकारचा असेल तर त्याचे व्याज चाळीतल्या घराने खाजगी सावकाराला का द्यावे? उशिराचा भार पेलण्याची ऐपत संस्थेची जास्त आहे, त्या घराची नाही. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि फीची रक्कम त्याने कॉलेजला द्यायची असते. त्यामुळे ‘पैसे आल्यावर भरतो’ असे हमीपत्र घेऊन प्रवेश देण्यात कॉलेजची अडचण पूर्वीपेक्षा कमी व्हायला हवी. फी मागितलीच तर हमीपत्र द्यावे, अर्जाची पोहोच घ्यावी आणि न जमल्यास समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. तोंडी भांडणाची नोंद कुठेच राहत नाही.

अर्ज भरून देण्याचे काम खरे तर कॉलेजच्या समान संधी केंद्राचे. ते कागदावरच असेल तर या भागात दुसरी यंत्रणा आहे. गणेशोत्सवात लाखोंच्या रांगा सांभाळणारी मंडळे चिंचपोकळी-लालबागमध्ये आहेत, काहींच्या अभ्यासिका आणि पुस्तकपेढ्याही चालतात. जूनमध्ये दोन आठवडे चार लॅपटॉप आणि एक स्कॅनर घेऊन बसणे त्यांना अवघड नाही.

महाडीबीटीबाहेरही एक दार आहे आणि ते हाकेच्या अंतरावर आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे मुख्यालय प्रभादेवीला, हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवनात आहे. मंडळ कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि पाठ्यपुस्तकांसाठी सहाय्य देते. आई किंवा वडिलांच्या जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात कामगार कल्याण निधीची छोटीशी कपात दिसत असेल तर मुलांना अर्ज करता येतो. मॉलमधले, रुग्णालयातले, कंपनीतले अनेक कंत्राटी कामगार ही कपात वर्षानुवर्षे देतात आणि ती कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. पगारपत्रक मिळत नसेल तर ठेकेदाराकडे ते लेखी मागावे.