टाळी वाजवून पाहा

आषाढात पेण तालुक्यातल्या जोहे गावात गेलात, तर गणपतीच्या एखाद्या कारखान्यात शिरून एक टाळी वाजवा. वर पत्रा, खाली कोबा, बाजूला सिमेंटच्या भिंती. ध्वनीच्या आपल्या धंद्यातल्या माणसाला वाटेल, इथे आवाजाचा नुसता गलका होणार. होत नाही. टाळी वाजते आणि विरते. फळ्यांवर आढ्यापर्यंत मांडलेले कच्चे गणपती. कुठे सोंड, कुठे लोड, कुठे प्रभावळीची कड. लहरीला आदळायला सपाट जागाच मिळत नाही, ती फुटून सगळीकडे पांगते. माल गाड्यांत चढून गेला की त्याच कारखान्यात पुन्हा टाळी वाजवा. टर्रर्र करत ती पत्र्याखाली घोळत राहते.

त्याच गावात एका घरी संच ऐकायला गेलो होतो. नवं स्लॅबचं घर, बारा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट. चकचकीत टाइल्स, काचेची सरकती खिडकी. स्पीकर उत्तम. भजन लावलं, मागे कीबोर्डचा बास होता. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलेले काका म्हणाले, “खालचा आवाज येतच नाही.” भिंतीला टेकून बसलेल्या काकू म्हणाल्या, “अहो, माझ्या तर डोक्यात घुमतोय.” दोघांचंही खरं होतं. बारा फुटांच्या लांबीचा पहिला अनुनाद 47 हर्ट्झच्या आसपास येतो आणि खोलीच्या मध्यावर त्याचा खड्डा पडतो. रुंदी आणि उंची सारखी, म्हणून 57 हर्ट्झवर दोन अनुनाद एकावर एक बसतात आणि भिंतीजवळ फुगतात.

संच बसवणाऱ्याने काकांच्या खुर्चीवर मायक्रोफोन ठेवून स्वयंचलित दुरुस्तीचं बटण दाबलं होतं. यंत्राने 47 चा खड्डा पाहिला आणि तिथे 10 डेसिबल वाढवले. म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागितली. खड्डा भरला नाही, कारण तिथे लहरी एकमेकींना खोडतात. जितकं ओताल तितकंच खोडलं जातं. बिचारा वूफर मात्र धापा टाकत होता. आम्ही ती वाढ काढली, खुर्ची दोन फूट मागे सरकवली, आणि काकांना बास ऐकू आला. एक पैसा खर्च न होता.

डिजिटल दुरुस्तीला माझा विरोध नाही. उंचवटा कापायला ती चांगली, आणि अशा खोलीत तिचा खरा उपयोग साधारण 300 हर्ट्झच्या खालीच. पण एका जागी मायक्रोफोन ठेवून खोली कळत नाही. निदान सहा-सात जागा मोजा, काकूंची जागाही मोजा. आणि वरच्या पट्टीतला घोळ, म्हणजे टाइल्स-काचेवरून येणारी ती फडफड, सॉफ्टवेअरने जात नाही. रिकाम्या अशा खोलीत आवाज दोन सेकंदांहून जास्त रेंगाळतो. आपल्याला अर्ध्या सेकंदाच्या आत हवा. तिथे कापूसच लागतो. वॉलेस सॅबिन यांनी 1895 मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहाचा अभ्यास सुरू केला, तेव्हा शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणल्या आणि शोषण चक्क गादीच्या लांबीत मोजलं. आपल्याकडे घरोघरी गाद्या आणि गोधड्या आहेत, बाजारात काथ्या आहे. मात्र चार इंची गादी 57 हर्ट्झचं काही करणार नाही. त्या लहरीची लांबीच सहा मीटर आहे. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

सगळीकडे गाद्या लावल्या तर खोली मुकी होते. म्हणून पांगवणारी भिंत हवी, आणि इथे मला पुन्हा जोहे आठवतं. मान्फ्रेड श्रोडर यांनी 1979 मध्ये खाचांच्या भिंतीचं हे गणित मांडलं. वर्गसंख्यांना सातने भागा, बाक्या घ्या: 0, 1, 4, 2, 2, 4, 1. त्या प्रमाणात खाचा खोल करा. एकक अडीच सेंटीमीटर धरलं तर सर्वांत खोल खाच दहा सेंटीमीटर होते आणि भिंत साधारण 1000 हर्ट्झपासून वर काम करते. खुर्चीपासून ती निदान दीड-दोन मीटर दूर हवी. असे फलक आपण महागात आणतो. प्लास्टर, काथ्या आणि साचा ज्यांच्या हातातला आहे, ते तर जोह्यातच आहेत. हे फलक विसर्जनाला जात नाहीत, तेव्हा प्लास्टरने पाणी दूषित होण्याचा प्रश्नही इथे नाही. फक्त रंगाचा हात नीट हवा, नाहीतर प्लास्टरची छिद्रं वरचे स्वर पितात. आणि वजन पेलणारे खिळे हवेत.

एका कारागिराला कागदावर ही आकृती काढून दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग साच्याच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला, “खाच आत सरळ ठेवलीत तर माल सुटायचा नाही. तोंडाकडे जरा रुंद करा.” किती रुंद केलं तर गणित बिघडत नाही, ते मोजून पुढच्या अंकात मापांसकट आराखडा देतो आहोत.