जनुके नोंदली, जंगलांचे काय?

माकडांवरील जनुकसंशोधनाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण जनुकांची नोंद झाली म्हणजे प्राणी वाचला, हा समज आम्हाला मान्य नाही.

‘सायन्स’ या नियतकालिकाने जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३३ प्रायमेट (माकडे, वानरे आदी) प्रजातींतील ८०९ प्राण्यांचे जनुकसंच वाचले गेले. केवळ मानवाचेच मानलेले कित्येक जनुकीय बदल इतर प्रजातींतही सापडले, ही उत्क्रांतीच्या अभ्यासातील मोलाची भर आहे.

आम्हाला अधिक गंभीर वाटतो तो दुसरा निष्कर्ष. जनुकीय विविधता आणि नामशेष होण्याचा धोका यांचा मेळ बसत नाही. प्रजातींची संख्या इतक्या वेगाने घसरत असावी, की जनुकांत तिचा ठसा उमटायला पुरेशा पिढ्याच गेलेल्या नाहीत. तेव्हा ‘विविधता शाबूत आहे’ एवढ्यावरून एखाद्या प्रजातीला सुरक्षित ठरवणे घातक होय. जगातील सुमारे ६० टक्के प्रायमेट प्रजाती आज संकटात आहेत. पश्चिम घाटातील सिंहपुच्छ माकड त्यांपैकीच एक. सदाहरित जंगलाच्या तुटक्या तुकड्यांत त्याचे कळप अडकले आहेत.

केंद्राने आणि केरळ, तामिळनाडू, कर्नाटक या राज्यांनी हे तुकडे सांधणारे वनपट्टे तातडीने निश्चित करावेत आणि त्यांतून नव्या रस्त्यांना, नव्या मळ्यांना परवानगी देऊ नये.