संशयाच्या आधी वही

मैत्रिणींनो, आज मी पदर खोचून थेट डिझेलच्या टाकीपाशी आले आहे म्हणून हसू नका. घरात पिकअप असली की तिचं डिझेल दूध, किराणा नि मुलांच्या फीच्याच रांगेत येऊन बसतं.

आमच्या पेणचे गणपती कुठे कुठे जातात हे तुम्हांला ठाऊक आहेच. हंगामात आमची पिकअप त्याच कामाला असते, आणि भाड्याचा हिशेब माझ्याकडे. शाळा अर्ध्या दिवसाची, त्यामुळे दुपारी वही घेऊन बसायला सवड मिळते. २०२४ च्या आषाढात गाडी मूर्ती घेऊन कोल्हापूरला गेली. खोपोली, बोरघाट, पुणे, सातारा असं जाऊन-येऊन ७०० किलोमीटर. "आपली गाडी चौदाचं अ‍ॅव्हरेज देते," असं हे नेहमी सांगतात. म्हणजे ५० लिटर पुरायला हवं. पावत्या निघाल्या ६४ लिटरच्या! लिटरला ९० रुपये धरले तरी साडेबाराशेचा खड्डा.

खोटं कशाला सांगू, मनात पहिलं नाव आलं ते आमच्या ड्रायव्हरमामांचं. बारा वर्षं आमच्याकडे असलेला माणूस. उघड आरोप केला नाही, पण "मामा, डिझेल कुठे सांडलं का हो?" असं विचारलंच. ते म्हणाले, "वहिनी, गाडी तुमची, पावत्या तुमच्या." आणि त्या दिवशी चहा न घेताच गेले.

रात्री मला झोप लागेना. वर्गात मी मुलांना सांगते, उत्तर जुळलं नाही तर आधी मांडणी तपासा. मग माझी मांडणी? ह्यांना विचारलं, हे चौदा आलं कुठून? तर तो आकडा माझ्या माहेरी, रोह्याला जाता-येता काढलेला! चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, भिसे खिंड सोडली तर चढ नाही, आणि गाडीत आम्ही दोघं नि तांदळाची दोन पोती.

पुढच्या खेपेला हे स्वतः मामांबरोबर गेले. पेणला टाकी फुल्ल करून किलोमीटरचा आकडा लिहिला. कोल्हापूरला पुन्हा फुल्ल, परतल्यावर पेणच्या त्याच पंपावर पुन्हा फुल्ल. जाताना ३५० किलोमीटरना ३५ लिटर, म्हणजे दहाचं अ‍ॅव्हरेज. येताना २८ लिटर, म्हणजे साडेबाराचं. एकूण ६३! आणि मालक शेजारी बसलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग डिझेल जातं कुठे? पहिलं म्हणजे चढ. खोपोलीहून लोणावळ्याला भरली गाडी पाचशे मीटरहून जास्त वर चढते, पुढे खंबाटकी आहेच. त्याला उपाय नाही. ते डिझेल भाडं ठरवतानाच धरायचं.

दुसरं, चाकांतली हवा. ती चौथाईने कमी असली तर ५ ते १० टक्के इंधन जास्त जातं, असं इंधनबचतीची सरकारी संस्था पीसीआरए सांगते. भरल्या गाडीला मागच्या चाकांत किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तकात असतं. सकाळी निघण्याआधी, चाकं थंड असताना ती बघावी. आमची कमीच निघाली.

तिसरं, वेग. मूर्ती असताना मामा जपून चालवत, पण परतताना रिकामी गाडी ऐंशी-नव्वदने पळवत. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. त्यात वर सांगाडा नि फडफडणारी ताडपत्री, म्हणजे शीडच की! मूर्ती उतरल्या की ताडपत्री घडी घालून ठेवावी आणि साठच्या आसपास एकसारखं चालवावं.

एक गोष्ट मात्र मुळीच करू देऊ नका. डिझेल वाचवायला घाटउतारावर गाडी न्यूट्रल करतात. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजच्या इंजिनांत डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळत राहतं. शिवाय सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. चार थेंबांसाठी घरचा माणूस पणाला लावायचा का?

श्रावणातल्या खेपेला हे सगळं पाळलं. जाताना ३१ लिटर, येताना २५, एकूण ५६. म्हणजे ७ लिटर, ६३० रुपये वाचले. चौदाचं अ‍ॅव्हरेज आलं, पण फक्त परतीच्या रिकाम्या गाडीला!

मामा आले तेव्हा वही त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "मामा, चुकलं माझं." वाचलेल्यातले निम्मे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. ते आधी नको म्हणाले, मग घेतले, आणि चहाही घेतला. आता ती वही गाडीतच असते. तिच्यात मामांचंच अक्षर आहे.

तुमच्याकडे पिकअप नसेल, स्कूटर असेल. तरी टाकीचा हिशेब असाच करून बघा. आणि हो, आकडा जुळला नाही तर माणसाकडे बघण्याआधी वहीकडे बघा. गेलेलं डिझेल पुन्हा भरता येतं, दुखावलेलं मन तसं भरता येत नाही.