पदकांचे पाढे

फौजेत बढतीच्या बोर्डासमोर जाणाऱ्या पोराकडून पदकांची नावं, त्यांचा क्रम आणि रिबिनींचे रंग घोकून घ्यायचे आणि तेवढ्यावर त्याला पदकांचं ज्ञान आहे असं धरायचं, हे मला मान्य नाही. पाठांतराशी माझं भांडण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला. पाढे म्हणवून घेतले, नद्या म्हणवून घेतल्या, कधी छडीही दाखवली. पण तेविसाचा पाढा पाठ असलेला पोरगा भाताच्या तोलाईत फसत नाही, म्हणून तो पाढा. पदकांचे पाढे पाठ करून जवानाला नेमकं काय येतं?

आमचा कशेळ्याचा भाग सातारा-सांगलीसारखा फौजी नाही. इथं भात, रानातला मेवा, वीटभट्टी, नाहीतर कर्जत-नेरळहून मुंबईची लोकल. तरी अलीकडं भरतीचं वेड आलंय. पहाटे कर्जत-मुरबाड रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. त्यातलं एखाददुसरं लागतं, आणि लागलं की अख्ख्या वाडीचं होतं. असाच एक आमचा विद्यार्थी नाईक झाला, आणि हवालदारीच्या कॅडरची तयारी करायला सुट्टीत वही घेऊन आला. वही त्याची नव्हती. कुणाची तरी उतरवलेली, त्याचीही कुणीतरी उतरवलेली. 'तुम्ही नुसता रंग बोला गुरुजी, मी पदक बोलतो,' म्हणाला. मी वही धरून बसलो.

'नुसता जांभळा.'

'परमवीर चक्र.'

'हिरव्यात एक केशरी रेघ.'

'अशोक चक्र.'

'दोन रेघा?'

'कीर्ती चक्र. तीन असल्या तर शौर्य चक्र. रेघ वाढली का मान उतरतो, उस्तादांनी सांगितलंय.'

'अर्धा पांढरा, अर्धा केशरी?'

'महावीर. पांढऱ्याच्या जागी निळा आला का वीर.'

एक उत्तर चुकलं नाही. मग मी वहीत नसलेलं विचारलं. 'परमवीर चक्रावर वज्रं का रे असतात?'

'चार असतात.'

'किती ते नाही विचारलं. का असतात?'

पोरगा वहीकडं बघायला लागला. 'तसं नाय इचारत बोर्डात.'

माझं भांडण या वाक्याशी आहे.

दधीची ऋषीची गोष्ट आमच्याकडं सप्ताहात कीर्तनकार सांगतो, आणि मागच्या रांगेत पेंगणाऱ्या म्हाताऱ्यालाही ती ठाऊक असते. वृत्रासुर दुसऱ्या कशानं मरेना, तेव्हा दधीचीनं जिवंतपणी देह ठेवला आणि त्याच्या हाडांचं वज्र झालं. त्या पदकावर मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं आहेत, ती यासाठी. ते पदक घडवलं एका बाईनं, सावित्री खानोलकरांनी. जन्म स्वित्झर्लंडचा, लग्न विक्रम खानोलकर या मराठी फौजी अधिकाऱ्याशी. परदेशात जन्मलेल्या या बाईनं आपली पुराणं वाचून शिपायाच्या छातीसाठी दधीची निवडला, आणि आपण त्या पदकाचं काय केलं? 'वज्रं किती? चार. रिबीन कसली? जांभळी.' आकडा आणि रंग ठेवला, दधीची गाळला.

त्याच वहीत पदकं छातीवर लावायचा क्रम होता. तोही पाठ. त्या क्रमात परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्या आधी येतं. आता हे सेवा पदक मिळतं ते सहसा लेफ्टनंट जनरलच्या तोडीच्या साहेबाला, दीर्घ आणि असाधारण सेवेबद्दल. महावीर चक्र मिळतं शत्रूसमोर जीव पणाला लावल्याबद्दल, आणि ते शिपायालाही मिळतं. म्हणजे क्रमात सेवा पुढं, शौर्य मागं. याला कारण असेल, चांगलंही असेल. राज्य चालवायचं तर सेवेचाही मान राखावा लागतो. पण ज्याच्या हाताखाली उद्या दहा पोरं येणार, त्याला हा क्रम म्हणताना एकदाही 'असं का?' वाटू नये? 'ते पण नाय इचारत,' पोरगा म्हणाला.

माझं हे बोलणं गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना पटलं नाही. ते म्हणाले, 'गुरुजी, जवानाला समोरच्याची छाती वाचता आली पाहिजे. कोणासमोर उभा आहे ते त्याला कळायला हवं. रिबिनी ओळखता येत नाहीत तो कसला हवालदार?' हे खरं आहे, आणि मी ते मान्य करतो. पण छाती वाचायची म्हणजे काय वाचायचं? अक्षर ओळखणं म्हणजे वाचन नव्हे, हे पहिलीच्या मास्तरालाही कळतं. रंगावरून नाव सांगणं म्हणजे अक्षरओळख झाली. वाचन त्याच्या पुढं सुरू होतं.

त्या वहीत एक ओळ अशी होती: 'मराठा लाइट इन्फन्ट्री, व्हिक्टोरिया क्रॉस, दोन. यशवंत घाडगे, १९४४. नामदेव जाधव, १९४५.' पोरानं ती धडधडा म्हणून दाखवली. मी विचारलं, 'घाडगे कुठले?' माहीत नाही. अरे, आपल्याच जिल्ह्यातला माणूस! माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. खोपोली, पाली, कोलाड करत गेलं की माणगाव. तिथं त्यांचा पुतळा आहे. तेव्हा आपल्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. तिथला हा बावीस वर्षांचा नाईक, याच्याच हुद्द्याचा, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला आपली तुकडी घेऊन चढाई करत होता. जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतला एकेक जण पडला, मेला किंवा जखमी झाला. उभा राहिला तो एकटा. तो थांबला नाही. बाँब टाकून मशीनगन बंद पाडली, पुढं घुसून एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा आपलीच बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं आणि तो त्याच ठाण्यात पडला.

हे सांगितल्यावर पोरगा गप्प बसला. वर्षभर जे नाव तो घोकत होता, त्या नावाला आता कुठं हातपाय फुटले.

आता या हकिगतीत एक गोष्ट बघा. तुकडीतले सगळे पडले होते, आणि करणारा स्वतः मेला. तरी मॅगझिन बदलायला वेळ नव्हता इथपर्यंतचा तपशील आपल्याला आज माहीत आहे. तो कसा? कुणीतरी पाहिलं, पाहिलेलं सांगितलं, कुणीतरी ते कागदावर उतरवलं, आणि तो कागद वर गेला. पदक पराक्रमाला मिळतं हे अर्धं खरं. पराक्रम सांगितला गेला तर मिळतं. शिफारस युनिटातून निघते आणि पायरी पायरीनं वर जाते. पण कमांडिंग ऑफिसर काही प्रत्येक मोर्च्यावर हजर नसतो. तो कंपनीला विचारतो, कंपनी सुभेदाराला विचारते, सुभेदार हवालदाराला विचारतो, 'काय झालं रे तिथं?' आणि पोरांबरोबर तिथं असतो तो हवालदार. म्हणजे ज्याला आपण रिबिनींचे रंग विचारून पास करतोय, तोच उद्याचा पहिला साक्षीदार आहे. त्याला 'साहेब, लय भारी लढला' एवढंच सांगता आलं, तर तो कागद तिथंच संपला. मेलेल्या पोराच्या आईला मग तिरंगा मिळतो, आणि तिच्या पोरानं शेवटच्या घटकेत काय केलं ते तिला कधीच कळत नाही. पैशाचंही बोलायला लाजू नये. २०१७ साली सरकारनं शौर्यपदकांचे मासिक भत्ते दुप्पट केले, तेव्हा परमवीर चक्राला २०,००० आणि सेना पदकाला २,००० झाले. आमच्याकडच्या घरात महिन्याचे दोन हजार म्हणजे तांदूळ सोडून बाकीचं वाणसामान. कुणाच्या तरी जिभेला वाक्य फुटलं नाही म्हणून ते हुकतं.

आणि काय पाहायचं, हेही शिकवावं लागतं. शौर्य म्हणजे किती मारले, अशी आमच्या पोरांची समजूत सिनेमानं करून दिली आहे. राम राघोबा राणे यांचं उदाहरण घ्या. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडं रणगाडे जायचे होते आणि वाटेत सुरुंग आणि पाडलेली झाडं. ८ तारखेला कामाला लागताच तोफगोळ्यांत त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली; त्या पाचांत राणे स्वतः. तरी ११ तारखेपर्यंत सुरुंग काढणं, अडथळे उडवणं, रस्ता करणं चालूच, समोरून मशीनगन सुरू असताना. त्याबद्दल परमवीर चक्र, तेही जिवंतपणी. आजवरच्या एकवीस परमवीर चक्रांपैकी चौदा मरणोत्तर आहेत, हे लक्षात घेतलं म्हणजे त्याचं मोल कळेल. रस्ता मोकळा करण्यात परमवीर आहे, हे ज्याला सांगितलंच नाही, तो हवालदार उद्या आपल्या सेक्शनमधला असा माणूस ओळखणार कसा? तो म्हणेल, 'यानं काय केलं? खड्डेच तर बुजवले.'

नामदेव जाधवांचंही तसंच. ते कंपनीचे निरोप्ये होते. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी आधी आपल्या दोन जखमी माणसांना एकेक करून सुरुंगाच्या शेतातून पलीकडं नेलं, आणि मग परत येऊन मशीनगनची ठाणी बंद केली. माणूस उचलून नेणं हे त्या पराक्रमात पहिलं आहे. वहीत मात्र फक्त साल होतं.

फौजेलाच नावं ठेवून मी थांबणार नाही, कारण हीच खोड गावाला आहे. पोरगा सुट्टीवर आला की नाक्यावर फ्लेक्स लागतो. नऊ वर्षं सेवा झाल्याचं पदक छातीवर असतं, आणि फ्लेक्सवर छापतात 'शौर्यपदक विजेता'. पोराला लाज वाटते, पण फ्लेक्स लावणाऱ्या पुढाऱ्यासमोर बोलायचं कसं? खऱ्या शौर्याचा अपमान याहून वेगळा काय असतो? आणि नऊ वर्षं इमानानं नोकरी केली, यात कमीपणा काय आहे, की तिला खोटं नाव द्यावं?

खरा पराक्रम आमच्या उंबऱ्याशी होऊन गेला, त्याचं आम्ही काय केलं तेही सांगतो. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी आझाद दस्त्याला गाठलं. माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथं पडले. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून त्यांनी सरकारला घाम फोडला होता. कोतवाल, हिराजी पाटील आणि घाडगे हे तिघे एकाच कुलाबा जिल्ह्याचे, आणि मरणात अंतर अठरा महिन्यांचं. तिकडं त्याच इंग्रज सरकारनं घाडग्यांना सर्वोच्च क्रॉस दिला, इकडं याच सरकारनं या दोघांना गोळ्या घातल्या. कोतवाल-पाटलांची नावं तरी राहिली, लोकांनी राखली, दर वर्षी माणसं तिथं जातात. पण दस्त्यातल्यांना रानात भाकरी पोचवायला आमच्या घरचे जायचे, असं माझ्या वर्गातल्या ठाकूर पोरांच्या आज्या सांगायच्या. कोण जायचं, नाव काय, असं विचारलं की म्हणायच्या, 'आता कुठं ध्यानात राह्यलंय, बाबा.' त्या पहाऱ्यातून भाकरी नेणाऱ्याला कुठली रिबीन? नुसतं नावही उरलं नाही. तिथं पाहणारा होता, पण लिहिणारा नव्हता.

म्हणून माझं मागणं साधं आहे. रिबिनी शिकवा, क्रम शिकवा, त्याला दहा मिनिटं पुरतात. पण बोर्डात बसणाऱ्या साहेबांनी रंगाच्या पुढं जावं. एका पदकामागची एक हकिगत त्या पोराला सांगायला लावावी: कोण, कुठला, समोर काय होतं, पर्याय काय होते, त्यानं कोणता घेतला. 'तिथं तू असतास तर वर काय कळवलं असतंस?' असं विचारावं. मराठीत सांगो, हिंदीत सांगो, अडखळत सांगो. आणि शेवटी त्याच्याच सेक्शनमधल्या एका जवानाचं नाव घेऊन म्हणावं, 'या पोरानं गेल्या वर्षात केलेलं एक चांगलं काम पाच वाक्यांत सांग.' सगळ्या रिबिनी बिनचूक ओळखल्या आणि ही पाच वाक्यं आली नाहीत, तर त्याला आणखी एक वर्ष नाईकच ठेवा. ज्याला आपल्या माणसाचं काम दिसत नाही, त्याच्या हाती आमच्या वाडीची पोरं देऊ नका.