सही कोणाची, निर्णय कोणाचा?

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील आसनगाव हे स्थानक मानस मंदिराच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंना आणि माहुली गडाकडे निघालेल्या तरुणांना चांगले परिचयाचे आहे. शहापूर तालुक्यात रेल्वेने येणाऱ्याला बहुधा येथेच उतरावे लागते. याच तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे, आणि आजच्या मुंबईला मिळणाऱ्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे. असे असूनही दर उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हंडा घेऊन रांगेत उभी राहते ती बहुधा घरातील स्त्री. मात्र विहीर कोठे खोदायची, नळयोजनेवर आधी खर्च करायचा की गावाच्या प्रवेशकमानीवर, हे ठरविणाऱ्या बैठकीत अलीकडच्या काळापर्यंत तिला स्थान नव्हते.

जी पाणी भरते तिच्याच हाती पाण्याच्या पैशाचा निर्णय दिला, तर खर्चात काही फरक पडतो काय? भाषणे ऐकून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी जमाखर्च तपासावा लागतो, गावागावांत जाऊन कामे मोजावी लागतात आणि एका गावाची दुसऱ्याशी तुलना करावी लागते. विद्यापीठांत स्त्रियांचे राजकारण, धोरण आणि नेतृत्व यांचा जो अभ्यास होतो, त्याचे एक मुख्य काम हेच आहे. व्यापारी कुटुंबांत या विषयाकडे ‘मुलीने पदवीसाठी घ्यावा असा त्यात काय उपयोग?’ या दृष्टीने पाहिले जाते. त्याचा उपयोग कोणता, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या अभ्यासाचा उगम महाराष्ट्रातच आहे, आणि त्यामागे एका व्यापारी घराण्याचे औदार्यही आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. याच विद्यापीठात १९७४ साली प्रा. नीरा देसाई यांनी स्त्रीविषयक संशोधनाचे केंद्र उभारले. भारतातील विद्यापीठांत अशा प्रकारचे ते पहिले केंद्र होय. १९८१ साली स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही येथेच भरली. पुढे पुणे विद्यापीठात या विषयाचे केंद्र उभे राहिले आणि त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

१९७४ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने देशातील स्त्रियांच्या स्थितीचा ‘समानतेकडे’ या अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल त्याच वर्षी सादर केला. स्वातंत्र्य आणि मताधिकार मिळूनही सत्तेच्या जागी स्त्रिया अत्यल्पच होत्या, हे त्याने दाखवून दिले. विधिमंडळांत राखीव जागा ठेवण्यास समितीच्या बहुमताचा विरोध होता. प्रा. वीणा मजुमदार आणि प्रा. लोतिका सरकार या दोन विदुषींनी मात्र आपले भिन्न मत अहवालात नोंदविले. गावपातळीवर स्त्रियांच्या वैधानिक पंचायती असाव्यात, अशी शिफारस समितीने केलीच होती.

त्या विचाराला कायद्याचे रूप यायला जवळजवळ वीस वर्षे लागली. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखून ठेवल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि देशभरातील पंचायतींत किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेले. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, व तेथील सरपंचपदे अनुसूचित जमातींसाठी राखीव असतात. त्यामुळे या परिसरातील अनेक गावांचा कारभार आज आदिवासी भगिनींच्या नावाने चालतो.

या भागाला स्त्रीचे नेतृत्व अगदीच अपरिचित होते असे नाही. आसनगावच्याच रेल्वेमार्गावरील टिटवाळा येथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर ठाणे जिल्ह्यातील वारली समाजाने वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याच्या अग्रभागी गोदावरी परुळेकर होत्या. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परंतु गोदावरीबाई या असामान्य होत्या. कायद्याने जी खुर्ची दिली ती सामान्य स्त्रीसाठी आहे, आणि सामान्य स्त्री त्या खुर्चीवर बसल्यावर काय घडते हाच संशोधनाचा विषय आहे.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानमधील उदयपूर या जिल्ह्यांत मिळून २६५ पंचायतींचा अभ्यास केला. डुफ्लो यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोणत्या गावाचे सरपंचपद स्त्रीसाठी राखीव राहील हे गावकऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून नव्हते, ते जणू चिठ्ठी टाकून ठरत होते. त्यामुळे राखीव आणि अराखीव गावांची तुलना निःपक्षपातीपणे करता आली. पंचायतीकडे पुरुष कोणत्या तक्रारी घेऊन येतात आणि स्त्रिया कोणत्या, याची प्रथम नोंद करण्यात आली. नंतर पैसा कोठे खर्च झाला, हे तपासले गेले.

२००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. दोन्ही जिल्ह्यांत स्त्रिया पिण्याच्या पाण्याविषयी पुरुषांपेक्षा अधिक तक्रारी करीत होत्या, आणि दोन्हीकडे स्त्री सरपंच असलेल्या पंचायतींनी पाण्यावर अधिक काम केले होते. बंगालमध्ये रस्ता ही देखील स्त्रियांची मागणी होती, तेव्हा तेथे राखीव पंचायतींत रस्तेही अधिक झाले. राजस्थानात रस्त्याची मागणी मुख्यत्वे पुरुषांची होती, आणि तेथील राखीव पंचायतींत रस्त्यांची कामे तुलनेने कमी झाली. या स्त्री सरपंचांचे शिक्षण कमी होते, अनुभव कमी होता, आणि ‘खरा कारभार नवराच पाहतो’ असे त्यांच्याविषयीही म्हटले जात होते. तरीही खर्चाची दिशा बदलली. शहापूरच्या पाड्यावर टँकरची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल फार मोठे आहे.

असे असले तरी ‘नवराच पाहतो’ हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. ग्रामनिधीचे बँकखाते सरपंच आणि ग्रामपंचायतीचे सचिव यांच्या संयुक्त सहीने चालते. सरपंचबाई बँकेत आल्या, की सोबतच्या पुरुषाने धनादेशावर बोट ठेवावे आणि बाईंनी तेथे सही करावी, हे दृश्य ग्रामीण शाखांतील कर्मचाऱ्यांना नवे नाही. रक्कम किती, कोणाला आणि कशापोटी, हे त्यांनी विचारले तर सोबत्याच्या कपाळावर आठी उमटते. गावात अशा गृहस्थाला ‘सरपंचपती’ म्हणतात आणि हसतात.

परंतु हसण्यापूर्वी आपल्या पेढीचे भागीदारीपत्र उघडून पाहावे. व्यापारी कुटुंबांत पत्नी, सून किंवा आई यांची नावे भागीदार म्हणून, मालक म्हणून किंवा कर्जाच्या जामीनदार म्हणून सर्रास घातली जातात. करसल्लागार कागद पाठवतो, घरातील कर्ता पुरुष खुणा करतो, आणि स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली गृहिणी सांगितलेल्या जागी सह्या करून परत जाते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसमवेत आणि व्यक्तिशःही जबाबदार असतो. जामीनदाराचे दायित्व सामान्यतः कर्जदाराच्या दायित्वाइतकेच असते. ‘मी फक्त सही केली’ एवढे म्हटल्याने ही जबाबदारी टळत नाही. घरातील कर्ता पुरुष अकस्मात गेला आणि बँकेची नोटीस दारी आली, म्हणजे या सहीचा अर्थ त्या घराला प्रथमच कळतो. तोवर तिने ताळेबंद एकदाही पाहिलेला नसतो.

मोठ्या कंपन्यांचा अनुभवही फारसा वेगळा नाही. कंपनी कायदा, २०१३ ने शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक आकाराच्या अन्य सार्वजनिक कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक स्त्री नेमणे बंधनकारक केले. तेव्हा अनेक कंपन्यांनी प्रवर्तकांच्या घरातीलच पत्नी, भगिनी किंवा कन्या यांची नेमणूक करून कायद्याची पूर्तता केली. त्यांतील काही जणी कर्तबगार होत्या, हे नाकारता येत नाही. तरीही नाव एकाचे आणि निर्णय दुसऱ्याचा, ही रीत पाड्यावरील पंचायतीपासून मुंबईतील संचालक मंडळापर्यंत आढळते, आणि मधल्या वाटेवर आपल्या पेढ्याही लागतात.

यातून मार्ग कसा निघतो, यावरही संशोधनाने प्रकाश टाकला आहे. लोरी बीमन, रोहिणी पांडे, पेतिया टोपालोवा आणि डुफ्लो यांनी बीरभूमच्याच ४९५ गावांतील अकरा ते पंधरा वर्षांची मुले-मुली व त्यांचे पालक यांच्याकडून माहिती घेतली. सरपंचपद सलग दोन निवडणुकांत स्त्रीसाठी राखीव राहिलेल्या गावांची तुलना त्यांनी कधीच राखीव न झालेल्या गावांशी केली. मुलाविषयी आणि मुलीविषयी पालकांच्या ज्या अपेक्षा असतात, त्यांतील अंतर तेथे २५ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. मुलामुलींच्या स्वतःच्या आकांक्षांतील अंतर ३२ टक्क्यांनी घटले होते. शिक्षणातील तफावत नाहीशी झाली होती, आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळही कमी झाला होता. हा निबंध २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गावात एखादी योजना नव्याने आल्यामुळे हे घडले असे संशोधकांना दिसले नाही. आपल्यासारखीच एक बाई गावाचा कारभार पाहते, हे मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षे पाहिले, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले.

येथे ‘दोन निवडणुका’ हे शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिल्या कारकिर्दीत स्त्री बिचकते आणि लोक तिचे दोष मोजतात. त्याच संशोधकांच्या आधीच्या एका अभ्यासात असे दिसले होते की, स्त्री-नेतृत्वाचा अनुभव आलेल्या गावांतील पुरुषांचा पूर्वग्रह कमी होतो आणि पुढे अराखीव जागांवरही स्त्रिया अधिक संख्येने निवडून येतात. नव्या मुनिमालाही पहिल्या वर्षी रोजमेळ जुळवताना अडचण येते. त्याला कोणी पहिल्याच दिवाळीला घरी पाठवीत नाही.

संसदेने २०२३ साली लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती संमत केली, आणि तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडली. २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर केवळ २१ स्त्रिया निवडून आल्या. उद्या हा आकडा वाढेल तेव्हा अर्थसंकल्प वाचू शकणाऱ्या, धोरणाचा मसुदा समजून घेणाऱ्या आणि नाही म्हणण्याचे धैर्य असलेल्या स्त्रिया लागतील. विद्यापीठातील हा विषय त्या तयारीचाच एक भाग आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या एखाद्या कन्येने पुढे तो निवडला, तर तिचे गणित वाया जाणार नाही. पंचायतीचा जमाखर्च तपासायलाही गणितच लागते.

कायद्याची वाट न पाहता घरी करता येईल असे एक काम मात्र आजच हाती घेता येते. ज्या गृहिणीची सही पेढीच्या कागदांवर आहे, तिला वर्षअखेरीस हिशेबाच्या बैठकीत बसवावे. येणे किती, देणे किती, तिने कोणत्या कर्जाला जामीन दिला आहे आणि विम्याचे कागद कोठे ठेवले आहेत, हे तिला आकड्यांसह सांगावे. तिने प्रश्न विचारला तर उत्तर द्यावे, आणि उत्तर पटले नाही तर तिने सही राखून ठेवावी, हेही मान्य करावे. पहिल्या वर्षी बैठक लांबेल. दुसऱ्या वर्षी शेजारी बसून ऐकणारी मुलगीही एखादा प्रश्न विचारील.