मनगटावरचें दावें

हल्लीं लहान मुलांच्या मोबाइल-घड्याळांच्या जाहिरातींत एक ठराविक चित्र वारंवार दिसतें. सहासात वर्षांचें मूल पाठीस दप्तर अडकवून एकटेंच घराबाहेर पडतें. मनगटावर रंगीत घड्याळ असतें. दारांत उभी असलेली आई निश्चिंतपणें हंसते. आतां तुमचें मूल स्वतंत्र झालें, असा या चित्राचा मथितार्थ. चित्र मोठें गोड आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

हें स्वातंत्र्य कसलें, तें पाहा. मूल कोठें आहे हें आईच्या फोनवरील नकाशांत क्षणोक्षणीं दिसतें. तिनें आंखलेल्या सीमेबाहेर त्यानें पाऊल टाकलें कीं सूचना वाजते. कांहीं घड्याळांत तर मुलाच्या नकळत भोंवतालचें बोलणें ऐकण्याचीही सोय असल्याचें उघडकीस आलें. गाईचें दावें लांब केलें म्हणजे ती मोकळी झाली, असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं; जाहिरातदार मात्र बेधडक म्हणतो. बरें, दावें तरी मजबूत असावें! २०१७ च्या ऑक्टोबरांत नॉर्वेच्या ग्राहक परिषदेनें अशा चार घड्याळांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं कांहींत परका मनुष्य शिरून मूल कोठें आहे तें पाहूं शके, इतकेंच नव्हे, तर आईबापांस पत्ता लागूं न देतां मुलाशीं संपर्कही साधूं शके. संकटकाळीं दाबावयाची कळ आणि सीमा ओलांडल्याची सूचना, यांवरही विसंबण्यासारखें नव्हतें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जर्मनीच्या दूरसंचार-नियामक खात्यानें चोरून ऐकूं देणाऱ्या घड्याळांची विक्री बंद केली व घेतलेलीं घड्याळें नष्ट करा, असें पालकांस सांगितलें. कांहीं आईबाप त्यांतून वर्गांतील शिक्षकांचें बोलणें ऐकत, असें त्या खात्यास आढळलें होतें!

कोणी म्हणेल, रस्ते पूर्वींचे राहिले नाहींत, आईबाप दोघेंही नोकरीवर. मग करावें तरी काय? ही अडचण खरी आहे आणि ती आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. शाळेची बस उशिरां आली म्हणजे जीव कसा खालवर होतो, हें आम्हांसही ठाऊक आहे. भीतीपोटीं घड्याळ घेतलें, तर भीतीपोटीं घेतलें असें म्हणावें. आमची तक्रार नाहीं. आमचा आक्षेप आहे तो नांवाला. पाळतीस स्वातंत्र्य म्हटलें, कीं मूलही स्वातंत्र्याचा तोच अर्थ शिकतें. वाण्याकडून गूळ आणावयास पाठविलेलें मूल वळण चुकतें, रडकुंडीस येतें आणि शेवटीं कोणा काकूंस विचारून घरीं पोंचतें. त्या काकू, कोपऱ्यावरचा शिंपी, नाक्यावरचा पानवाला हेही मुलांवर नजर ठेवीतच. पण ते मुलास दिसत, मूल त्यांच्याशीं बोले. घड्याळ नुसतें पाहतें, आणि पलीकडे कोण पाहत आहे हें मुलास कळत नाहीं.

स्वीडनमध्यें १९९१ सालापासून बारा वर्षांखालील मुलांस उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिरात करण्यास कायद्यानें बंदी आहे. परंतु आमच्या या चित्रांतील खरें गिऱ्हाईक मूल नव्हेच. गिऱ्हाईक आहे ती दारांतली आई, आणि विकलें जातें तें तिच्या जिवाचें समाधान. त्या बाजारांत स्वीडनचा कायदाही तिच्या उपयोगीं पडत नाहीं.