आधी खुलं काय आहे ते पाहा

प्रबंध लिहिणाऱ्यांना, गावाचा इतिहास जमवणाऱ्यांना आणि निव्वळ कुतूहलापोटी वाचणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. ‘पुस्तक कुठंच मिळत नाही’ असं म्हणण्याआधी, आणि मोबाइलवर फिरणारी चोरटी पीडीएफ उतरवून घेण्याआधी, कायद्यानं फुकट काय मिळतं ते नीट शोधा. पुष्कळ मिळतं. शोधायची सवय आपल्याला कुणी लावली नाही, एवढंच.

पहिली ओळख करून घ्यायला मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभं केलेलं ते काम आज घरबसल्या वाचता येतं. पुढची पायरी ‘शोधगंगा’. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या संग्रहात देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध आहेत, मराठीतलेही. विषय नक्की करण्यापूर्वीच तिथे डोकवा. मात्र प्रबंधात लिहिलेलं सगळं जसंच्या तसं खरं मानू नका. मी तर आधी शेवटची संदर्भसूची उघडते. मूळ साधनं कोणती, ते तिथे कळतं.

जुन्या पुस्तकांसाठी इंटरनेट अर्काइव्हकडे जा. मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियर तिथे आहेत. ब्रिटिश अधिकारी जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली १८८०च्या सुमारास निघालेल्या या खंडांत पिकं, बाजार, रस्ते, देवळं यांची बारीक माहिती सापडते. जातींविषयी लिहिताना मात्र ती नजर साहेबाची आहे, हे विसरू नका. तिथल्या मराठी पुस्तकांची नावं बहुधा रोमन लिपीत आणि मनाला येईल तशी नोंदलेली असतात. म्हणून एकदा शोधून हात टेकू नका. ‘ज्ञानेश्वरी’ रोमनमध्ये ‘डी’नेही सुरू होते आणि ‘जे’नेही. देवनागरीत शोधा, लेखकाच्या आडनावानं शोधा, संपादकाच्या नावानं शोधा. जुन्या मजकुरात शब्द अडला, तर मोल्सवर्थचा १८५७चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे.

कायदाही समजून घ्या. भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११पासून त्यांची तशी पुस्तकं सर्वांसाठी मोकळी आहेत. अनुवाद जुन्या पुस्तकाचा असला, तरी अनुवादकाचा हक्क वेगळा मोजतात. हयात लेखकांची पुस्तकं विकतच घ्या, नाहीतर वाचनालयातून आणा. मराठीत लिहून पोट भरणं किती कठीण आहे, हे आपण सगळेच जाणतो.

इंग्रजी शोधनिबंध उघडताना पैसे मागितले, तर ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ बसवा. त्याच निबंधाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल, तर ते दाखवतं. नसेल, तर लेखकालाच ईमेल करा. बरेचजण आनंदानं प्रत पाठवतात.

आणि झोटेरो. संशोधन करणाऱ्यानं एकच साधन शिकायचं, तर ते हे. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. वाचता वाचता एक बटण दाबलं, की लेखक, वर्ष, प्रकाशक यांची नोंद होते. पुढे वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये लिहिताना संदर्भ आपोआप बसतो आणि सूचीही तयार होते. मराठी पुस्तकांच्या आयत्या नोंदी अनेकदा सदोष असतात, त्या हातानं दुरुस्त करा. वहीत टिपणं काढायची सवय असेल, तर ती सोडू नका; पान क्रमांक तेवढा झोटेरोत उतरवा. आणि हे पहिल्या दिवसापासून करा. प्रबंध द्यायच्या आठवड्यात हरवलेले पान क्रमांक शोधत बसलेली मुलं पाहिली, की जीव तुटतो.

एक मागणंही आहे. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तकांची पानं टंकून, तपासून ठेवली जातात. छायाचित्रातली अक्षरं यंत्र ओळखतं, पण जोडाक्षरांत चुकतं. तिथे मराठी वाचणारा माणूसच लागतो. निवृत्त शिक्षकांनी, मुद्रितशोधकांनी, परदेशातल्या मराठी मंडळींनी यात हात घालावा. आठवड्याला एक पान तपासलंत, तरी चालेल.